कोरडी बारव

सोजराबाईचा दिवस म्हशीपासून सुरू होई. अंधार विरळ होऊ लागला की गोठ्यात दावे ओढल्याचा आवाज येई आणि त्या आवाजाने ती जागी होई. घरात घड्याळ नव्हते, आणि त्यावाचून कधी अडलेही नव्हते. त्या दिवशीही ती तशीच उठली. चुलीतली राख सारून तिने खाली दडलेला निखारा वर काढला, त्यावर पऱ्हाटीच्या काड्या मोडून ठेवल्या, फुंकणीने जाळ धरवला आणि पाण्याचे भगुणे चढवले. मग चरवी घेऊन गोठ्यात गेली. धार काढून झाल्यावर तिने पहिला तांब्या बाजूला ठेवला, उरलेले दूध शिंक्यावर टांगले, आणि ओसरीत बसून आदल्या संध्याकाळी खुडलेल्या मेथीच्या जुड्या बांधायला घेतल्या. जुडी बांधायची, मुळांकडून झटकायची, ओल्या पोत्यावर निजवायची. हात चालत होते, आणि त्यांना डोक्याची गरज नव्हती.

तुळशीराम एव्हाना आवरून उंबऱ्यात उभा होता. भिजवलेले हरभरे त्याने मुठीमुठीने खाल्ले, तांब्याभर धारोष्ण दूध उभ्यानेच प्याला, आणि मिशीवरचा फेस मनगटाने पुसला. रोज यापुढे तो "जातो वं माय" म्हणे आणि तालमीच्या वाटेला लागे. आज "जातो" म्हणून तो घोटाळला.

"माय, वस्ताद विचारून राह्यले होते."

"काय?"

"पाडव्याचं. तू येशीन ना?"

"मेथी बांधाची हाय अजून," सोजराबाई म्हणाली.

एवढा धिप्पाड पोरगा, पण आईच्या आवाजातला दरवाजा बंद झालेला त्याला बरोबर कळे. तो तालमीच्या वाटेला लागला.

पाडवा परवावर आला होता. पाडव्याला गावात कुस्त्यांची मोठी दंगल भरणार होती आणि पहिली जोड तुळशीरामची होती, चिखलीच्या मल्लाशी. गावचे रंगराव वस्ताद एक रीत कडकपणे पाळत. एकुलता एक पोरगा मोठ्या कुस्तीला उभा राहायचा असेल, तर त्याच्या आईने किंवा आजीने सर्वांदेखत "उतर" म्हटल्याशिवाय वस्ताद त्याला मातीत पाय ठेवू देत नसत. "हातपाय मोडले तर माय मले शिव्या देईन," ते म्हणत, "त्यापरीस आधीच तिच्या तोंडून वदवून घेतलेलं बरं." आजवर हा शब्द तुळशीरामची आजी रुख्मिणीबाई देत आली होती. म्हातारी पुढे होई, नातवाच्या खांद्यावर हात ठेवी आणि खणखणीत आवाजात "उतर रे वाघा" म्हणे. सोजराबाई मागे उभी असे आणि सुटल्यासारखी होई. म्हातारी दिवाळीनंतर गेली. आता घरात शब्द देणारे सोजराबाईखेरीज कोणी उरले नव्हते.

आणि सोजराबाईला तो शब्द उच्चारता येत नव्हता.

टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात आली तेव्हा ऊन कोवळे होते. कडुलिंबाखालची तिची जागा ठरलेली होती. तिने पोते अंथरले, एका बाजूला वांगी, एका बाजूला मेथी, मधे पातीचे कांदे आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडल्या, आणि भाजीवर पाणी शिंपडले. शेजारी अंबूबाई होतीच. ती गाजरे विकी आणि गाजरांपेक्षा बातम्या जास्त खपवी. दोघींच्या समोर, बाजाराच्या अगदी मधोमध, नवा आखाडा होता.

समोर म्हणण्यापेक्षा खाली म्हणायला हवे. तिथे पूर्वी खदान होती. कोण्या काळी गढीसाठी त्यातून दगड काढला होता, आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या त्या खड्ड्याने गावचा कचरा पोटात घेतला होता. नदीकाठचे जुने कुस्त्यांचे मैदान मोटार-अड्ड्याला गेले, तेव्हा नगरपालिकेने खदानीतच आखाडा बांधायचे ठरवले. महाराष्ट्र होऊन चार वर्षे झाली होती. जो तो काहीतरी बांधत होता. सिमेंट मिळता मिळत नव्हते, म्हणून इंजिनिअरने खदानीचाच काळा दगड घडवून घेतला. खड्ड्याच्या चारी अंगांनी पायऱ्या उतरत खाली गेल्या होत्या. तळाशी तांबड्या मातीचा चौक, चौकाच्या चार बाजूंना चार कमानी, आणि वर काठाला गुडघाभर उंचीचा कठडा. कागदावर त्याचे नाव नगर क्रीडागार असे होते. पण काम पुरे होऊन बांबूंची परांची निघाली त्या दिवशी काठावर जमलेल्या माणसांनी खाली पाहिले, आणि एक म्हातारा सहज म्हणाला, "अरे, ही तं बारव हाय." झाले. त्या क्षणापासून क्रीडागार हा शब्द फक्त पालिकेच्या फळ्यावर उरला.

आणि चूक म्हणावी तर चूक तरी कशी म्हणणार? मुलखात ज्याने बारव पाहिली नाही असा माणूस नव्हता. काळा दगड, चौफेर पायऱ्या, कमानी. फक्त पाणी नव्हते. माणसे पहिल्या पायरीपाशी आपसूक वहाणा काढीत. गेल्याच आठवड्यात शेजारच्या खेड्यातले वऱ्हाड नवरानवरीला घेऊन, हळदकुंकू आणि नारळ घेऊन बारव पूजायला आले होते. राखणीवरच्या कचरूने त्यांना अडवले, तर नवरदेवाचा मामा त्याच्यावरच उखडला, "पाणी नाही तर नाही, नारळ फोडाले काय जाते तुह्या बापाचं?" शेवटी नारळ फुटला, आणि खोबऱ्याचा तुकडा कचरूलाही मिळाला.

"साऱ्या गावात असा एक माणूस नाही ज्याले हे पसंत हाय," अंबूबाई गाजरे रचीत म्हणाली. "भगवंतरावच काल म्हणून राह्यले होते. नगराध्यक्ष असून म्हणतात बघ, की येवढं बांधलं अन् मोटारीतून दिसत नाही. पाहुणा आला तर त्याले काय सांगावं, वाका अन् खाली पाहा?"

"त्यायले कमान पायजे होती. अड्ड्यावरून दिसणारी," पलीकडून न्हावी बोलला. तो उन्हात गिऱ्हाइकाची दाढी करीत बसला होता. "वर नाव कोरलेली."

"नाव कोरा की कमानीवर. खाली उतरीन तो वाचीन," एक बांगड्यावाली म्हणाली.

"उतरीन कोण वं?" अंबूबाई म्हणाली. "कोरडी बारव माणूस मागते."

वस्तरा थांबला. दाढी अर्धवट राहिलेला गिऱ्हाईकही मान वर करून पाहू लागला. कोरडी बारव माणूस मागते, ही गोष्ट सगळ्यांच्या आजीने सगळ्यांना सांगितलेली होती. बारव बांधली, पाणी लागेना, मग पाटलाची सून पायऱ्या उतरत गेली, आणि शेवटच्या पायरीवर तिचे पाऊल पडताच पाणी उसळले. गाणीही होती त्यावर. इतके दिवस ही गोष्ट जुन्या बारवांची होती. आता गावच्या मधोमध नवीकोरी, कोरडीठणक बारव आ वासून पडली होती, आणि पाडव्याला तिच्यात पहिला उतरणार होता सोजराबाईचा पोरगा.

अंबूबाईला आपण काय बोलून गेलो ते उशिरा उमगले. तिने जीभ चावली. "मी आपलं म्हणतो, लोक म्हणतात. तू मनावर घेऊ नको बाई."

"मी कायले घेऊ?" सोजराबाई म्हणाली आणि भाजीवर पुन्हा पाणी शिंपडले. भाजी आधीच ओली होती.

गावाची ही गोष्ट तिला खरी वाटत होती असे नाही. खोटी वाटत होती असेही नाही. तिची भीती वेगळी होती, आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. तुळशीराम लहान असताना, एका उन्हाळ्यात, मळ्यातल्या विहिरीचे पाणी तळाला गेले. गाळ काढायचा होता. तिचा नवरा नारायणराव काठावर धोतर खोचून उभा राहिला. गडी यायला वेळ लागत होता, आणि त्याला धीर नव्हता. "उतरतो मी," तो म्हणाला, "तू चहा ठेव." चहाला उकळी फुटली तेव्हा विहिरीतून हाक येईना. तळाला धरलेली वाईट हवा दिसत नाही, तिला वासही नसतो. तेव्हा विहिरी खोदणाऱ्या कचरूने कमरेला दोर बांधून, तोंडाला ओला फडका धरून नारायणरावाला वर काढले. मालकाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. खाली तो भिंतीला टेकून बसलेला होता, दमून बसावा तसा.

त्यानंतर सोजराबाई जमिनीतल्या कुठल्याही खड्ड्यात वाकून पाहत नसे. आणि "उतर" हा साधा शब्द, जो माणूस मोटारीतून उतरताना बोलतो, ताप उतरला म्हणतो, तो ती तोंडी येऊ देत नसे. जुने मैदान सपाट होते, तिथे 'आखाड्यात उतरणे' ही नुसती बोलायची रीत होती. या इंजिनिअरने आखाडा खरोखरच खाली नेऊन ठेवला होता.

तो इंजिनिअर, शंकरराव, ऊन चढायच्या आत भाजी घ्यायला आला. बुलढाण्याच्या एका शिरस्तेदाराचा मुलगा, पुण्यात शिकलेला, वयाने तुळशीरामपेक्षा थोडाच मोठा. खांद्यावरची पिशवी पुढे घेऊन तो मेथी निवडू लागला. बाजार त्याची वाटच पाहत असे.

"काय सायेब," न्हाव्याने सुरुवात केली, "पाणी कवा सोडता बारवेत?"

लोक हसले. शंकररावही हसला, पण त्याचे कान लाल झाले. रोज कोणीतरी त्याला हेच विचारी.

"पाणी सोडायचं नाही आहे हो. कुस्त्या लावायच्या आहेत."

"कुस्त्या लागतीन हो. पन बारवेत म्हशी धुतल्यावानी दिसन ते."

"त्यायले बोलू द्या सायेब," सोजराबाई म्हणाली. एखाद्याची चोहीकडून चेष्टा होत असली की तिला ते पाहवत नसे. मग तिने, स्वतःलाच नवल वाटेल अशा आवाजात, विचारले, "पन सायेब, तुमी खाली काऊन नेला आखाडा? वर काऊन नाही बांधला?"

शंकररावाने हातातली जुडी खाली ठेवली. आजवर सगळ्यांनी त्याला टोमणा मारला होता. प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मावशी, खरं सांगू? ही बारवच आहे," तो म्हणाला. "सिंदखेडला माझं आजोळ. तिथल्या बारवेच्या पायऱ्यांवर बसून मी अभ्यास करायचो. मला वाटायचं, इतकी माणसं इथे बसू शकतील, सगळ्यांना सगळं दिसेल, कोणाच्या पुढे कोणी येणार नाही. जुन्या मैदानात मागच्यांना काय दिसायचं? पुढच्यांची पागोटी. म्हणून कागदावर रेघा मारताना बारवच मारली. वाटलं, लोकांना ओळखीची वाटेल." तो थांबला. "ओळखीची तर वाटली. पण ती माणूस मागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

कोणी हसले नाही. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावर पाणी मारले. शंकररावाने मेथी पिशवीत टाकली आणि खालच्या मानेने तो पालिकेकडे निघून गेला. सोजराबाईला वाटले, यालाही पाडव्याचीच धास्ती आहे. पहिल्या दिवशी काही वेडेवाकडे झाले, तर त्याच्या दगडांकडे पुढे कोणी ढुंकूनही पाहणार नाही.

दुपारी बाजार थंडावला. चैताच्या तोंडावरचे ऊन दगडावर आपटून परत येत होते. अंबूबाई डोक्यावर पदर घेऊन डुलक्या काढू लागली. सोजराबाई उठली, भाजीवर ओले पोते टाकले, आणि आखाड्याच्या काठावर गेली. कचरू कठड्याच्या सावलीत पाय पसरून बसला होता. वय झाले होते त्याचे. विहिरी खोदणे सोडून त्याने राखणीचे काम धरले होते. पालिकेने दिलेला खाकी कोट तो या उन्हातही अंगातून काढत नसे.

"कचरूभाऊ, खाली जायचं हाय मले."

तो तिच्याकडे पाहत राहिला. या बाईने इतक्या वर्षांत विहिरीच्या काठावर पाय ठेवला नव्हता, हे गावात दुसऱ्या कोणाला नाही तरी त्याला ठाऊक होते.

"चला की वैनी. पायऱ्या चांगल्या हायेत, मीच बसवल्या काही."

"दिवा हाय काय तुह्यापाशी?"

जवळ बसलेला एक हमाल मोठ्याने हसला. "भर दुपारी दिवा! बाई, खाली कोणाले धुंडाळाचं हाय?"

कचरू हसला नाही. बंद विहिरीत उतरण्याआधी जळता दिवा दोराने खाली सोडायचा, तो विझला तर उतरायचे नाही, ही रीत त्याने जन्मभर पाळली होती. एकाच दिवशी त्याला यायला उशीर झाला होता. त्याने कोपऱ्यातल्या घोंगडीखालून रात्रीच्या राखणीची चिमणी काढली, पत्र्याची, उघड्या वातीची, आणि काडी ओढून पेटवली. उन्हात ज्योत दिसतही नव्हती. फक्त तिच्यावरची हवा थरथरत होती.

"चल बे, तू गप बस," तो हमालाला म्हणाला. "वैनी, मी पुढं होतो. ज्योत मंदावली तर तिथूनच माघारी फिरू."

ते उतरू लागले. कचरू पुढे, चिमणी कमरेच्या खाली धरून. सोजराबाई मागे, एक हात दगडाला लावून. पायरी रुंद होती आणि दगड गरम होता. तिने खाली पाहिले नाही, कचरूच्या कोटाच्या पाठीकडे पाहिले. बाजाराचा आवाज वर राहिला. निम्म्यावर आल्यावर त्यांच्या अंगावर सावली आली, आणि सावलीत ज्योत दिसू लागली. पिवळी, सरळ उभी. सोजराबाईची नजर तिच्यावर खिळली. आणखी काही पायऱ्या. ज्योत उभीच होती. तांबडी माती आता अगदी जवळ आली होती, तिचा ओलसर, हळदीतेलाचा वास येत होता. कचरूने शेवटच्या पायरीवरून मातीत पाऊल टाकले, आणि चिमणी विझली.

सोजराबाई होती त्या पायरीवर थांबली. तिला फक्त कचरूची पाठ दिसत होती, आणि ती पाठ आता भिंतीला टेकेल, हळूच खाली बसेल, असे तिला वाटले. तिने हात पुढे करून त्याचा कोट घट्ट पकडला.

"वैनी," कचरू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा होता. "वैनी, पदर सांभाळा."

तिचा पदर डोक्यावरून उडून मागे फडफडत होता. केस कपाळावर येत होते. समोरच्या कमानीतून वारा येत होता, थंड, ओढ्याच्या वासाचा, सारखा वाहणारा. आणि तो तिच्या तोंडावर, गळ्यावर, घामाने भिजलेल्या चोळीवर आदळत होता.

"वारा हाय," ती म्हणाली.

"हाव. वाऱ्यानं विझवली." कचरूने चिमणी पुढे धरून दाखवली, चूक तिचीच असावी अशा सुरात. मग त्यालाही एकदम सगळे कळले, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे मी बी येडाच! या कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मागून पार ओढ्यापर्यंत वाट काढली हाय. दोन्हीकडून उघडी. रातचा मी अठीच निजतो, तर घोंगडी लागते मले उन्हाळ्यात. अन् मी तुमाले दिवा दाखवत बसलो!"

सोजराबाईने कोट सोडला. ती खालच्या पायरीवर बसली आणि तिला हसू आले. आधी नुसते ओठांत आले, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी वाहू लागले तरी थांबेना. कचरू बाजूला, मातीच्या कडेला, उकिडवा बसून राहिला. विहिरीत दिवा विझला म्हणजे हवा नाही. इथे दिवा विझला, कारण हवा मावत नव्हती. इतकी साधी गोष्ट कळायला तिला इथवर यावे लागले होते.

डोळे पुसून ती म्हणाली, "त्या दिवशी तू वेळेवर आला असता, तरी ते थांबले नसते कचरूभाऊ. त्यायले धीरच नव्हता."

कचरूने मान हलवली. हे वाक्य त्याला फार वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणायला हवे होते. कोटाची वरची गुंडी त्याने सोडली, आणि वारा आत घेतला.

ती वर आली तेव्हा कठड्यापाशी शंकरराव उभा होता. दिवा घेऊन बाई खाली गेली हे हमालाने पालिकेपर्यंत पोचवले होते, आणि तो धावत आला होता.

"मावशी, काय झालं? काही बिघडलंय का खाली?"

"वारा लय हाय सायेब. दिवा टिकत नाही."

त्याचा चेहरा उतरला. "टिकत नाही? मग आडोसा करून घेऊ. उद्याच्या उद्या..."

"कायचा आडोसा? हात नका लावू," सोजराबाई म्हणाली. "नाही टिकत तेच बरं हाय."

हा पुण्यात शिकलेला मुलगा तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. तिने त्याला समजावून सांगितले नाही. कचरूने मागून सांगितले, आणि ते ऐकताना शंकररावाने टोपी काढून हातात घेतली.

अंबूबाई जागी झाली ती या गलक्याने. "तू उतरली? सोजरे, तू? खाली?"

"हाव. गार हाय बाई खाली. अठी उन्हात मरून राह्यलो आपन."

अंबूबाईला एवढे पुरे होते. ऊन कलण्याआधी ती स्वतः पायऱ्या उतरून, वारा खाऊन, वर येऊन, बाजारभर सांगून मोकळी झाली होती. दिवेलागणीपर्यंत भाजीवाल्या, बांगड्यावाल्या, लेकुरवाळ्या बाया खालच्या पायऱ्यांवर पाय पसरून बसल्या होत्या, आणि वरून पुरुष वाकून पाहत होते. "माणूस मागते म्हणे," न्हावी म्हणाला, "हिनं तं बायाच गिळल्या साऱ्या!" त्यावर खालून जे उत्तर आले ते ऐकून त्याने दुकानाची पेटी आवरली. नगराध्यक्ष भगवंतराव संध्याकाळच्या फेरीला आले आणि मोटारीतून न दिसणारी आपली इमारत माणसांनी भरलेली पाहून कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. बारव हे नाव मात्र गेले नाही. आता ते नाव घेताना कोणी आवाज खाली आणत नव्हते, इतकेच.

त्या रात्री जेवताना तुळशीरामने पुन्हा विचारले नाही. सोजराबाईनेही काही सांगितले नाही. तिला शब्द द्यायचा होता हे आता नक्की होते. पण काठावर उभे राहून, पोराला खाली पाठवत, तो द्यायचा नाही, हेही तिने ठरवले होते. काठावरून ती एकदा एका माणसाकडे पाठ करून चहा ठेवायला गेली होती. तसे पुन्हा होणार नव्हते.

पाडव्याला गुढी उभारून, कडुलिंबाचा पाला तोंडात टाकून ती घराबाहेर पडली. त्या दिवशी तिने भाजी मांडली नाही. बायांसाठी पालिकेने सगळ्यात वर, कापडी मांडवाखाली जागा केली होती. सोजराबाई मांडवाच्या बाजूने गेली, थांबली नाही, आणि एकेक पायरी उतरत खाली गेली. माणसे नुकती जमू लागली होती. कोणी तिला अडवले नाही. मातीला लागून असलेल्या पायरीवर, ओढ्याकडच्या कमानीशेजारी, ती पदर सारखा करून बसली. थोड्या वेळाने वरून धापा टाकीत अंबूबाई आली.

"वर मांडव हाय, सावली हाय, अन् तू अठी काऊन येऊन बसली? सरक. गुडघे गेले माहे."

सोजराबाई सरकली.

पायऱ्या भरत गेल्या. हलगी सुरू झाली. कचरू गावकुसाबाहेरच्या आपल्या वाड्यातल्या चार माणसांसह डाव्या अंगाला बसला होता. जुन्या मैदानात ही माणसे सगळ्यांच्या मागे, नदीच्या दरडीवर उभी राहत. इथे मागे अशी जागाच नव्हती. शंकरराव कुठेतरी वर होता, त्याला बसवत नसावे. मग काठावर रंगराव वस्ताद दिसले, आणि त्यांच्या शेजारी लाल लंगोट कसलेला तुळशीराम. हलगी थांबली. वस्तादांनी बायांच्या मांडवाकडे तोंड करून हाक दिली.

"तुळशीरामची माय कोठी हाय? शब्द द्या बाई!"

मांडवात कुजबुज झाली. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. तुळशीरामची मान हळूहळू खाली गेली. आणि खाली गेली म्हणूनच त्याला ती दिसली.

सोजराबाई उभी राहिली. आवाज फार मोठा काढावा लागला नाही. त्या दगडांत साधे बोलणेही वरपर्यंत जात होते.

"मी अठी हाओ," ती म्हणाली. "उतर, बाबू."

वस्तादांनी पोराच्या पाठीवर थाप मारली. हलगी पुन्हा वाजू लागली, आणि तुळशीराम पायऱ्या उतरू लागला. सोजराबाई खाली बसली. अंबूबाईने ओच्यातल्या शेंगा काढून तिच्यापुढे धरल्या, आणि तिने त्यातली एक घेतली.